मधला ठोका

झोपडीत एक ओंडका होता, तीन मोगऱ्या, पाण्याची एक बादली, दोन माणसं आणि तीन हात. चौथा हात गेरेवाझीच्या मांडीवर होता. तो त्याच्या बायकोने तिथे ठेवला होता आणि ती येऊन उचलेपर्यंत तो तिथेच राहणार होता.

"चुकतंय," गेरेवाझी म्हणाला.

सिप्रियानोने मोगरी थांबवली नाही. ओंडक्यावर मुटुबाच्या झाडाची ओली साल आडवी पसरली होती. कापड व्हायचं तर ती वाळायच्या आत ठोकून पातळ करायची असते, आणि वारा सुटला होता.

त्याच सकाळी, ऊन चढण्याआधी, त्याने ती गेरेवाझीच्या अंगणातल्या झाडावरून उतरवली होती. वर एक आडवी चीर, खाली एक, मध्ये उभी, आणि मग केळीच्या खुंटाची पाचर हळूहळू आत सरकवत नेली, म्हणजे खोडाला ओरखडा उठत नाही. उघडं पडलेलं खोड त्याने केळीच्या हिरव्या पानांत गुंडाळून बांधलं. वर्षभरात झाडाला नवी साल येते. गेरेवाझीच्या हाताशी वर्षभर आहे की नाही, हे मसाका शहराच्या दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने याच पावसाळ्याचा हट्ट धरला होता.

माणूस गेला की नातलग एकेक सालीचं कापड घेऊन येतात आणि ती त्याच्या देहाभोवती एकावर एक गुंडाळली जातात. त्यांतलं सगळ्यात आतलं, अंगाला लागणारं, आपल्या झाडाचं असावं आणि त्यात शिवण नसावी, एवढीच गेरेवाझीची मागणी होती. ठोकताना सालीला भोक पडतं, ते ताडाच्या धाग्याने शिवतात, यात लाजण्यासारखं काही नाही. पण जन्मभर मी दुसऱ्यांची भोकं शिवली, माझ्यात शिवण नको, असं तो म्हणाला होता. आजारपणानंतर त्याचे शब्द तिरके पडत, तरी हे वाक्य त्याने सरळ म्हटलं होतं.

"चुकतंय रे धाकट्या."

"काय चुकतंय ते तरी सांग."

"ते कळत नाही. ऐकू येतंय फक्त."

सिप्रियानो ठोकत राहिला. तो गेरेवाझीचा चुलतभाऊ. पोरवयापासून दोघं याच ओंडक्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत आले होते. एकाचा ठोका, मग दुसऱ्याचा, मग पहिल्याचा. गावातल्या बायका या आवाजावर केळी वाफवायला ठेवत. गेरेवाझी अंथरुणाला खिळल्यापासून सिप्रियानो एकटाच ठोकत होता, आणि एकट्याने ठोकलेली दोन्ही कापडं टोप्या शिवणाऱ्या कंपालाच्या बाईने परत पाठवली होती. बोडावाला ती आपल्या भाड्याच्या मोटरसायकलच्या मागे बांधून घेऊन आला आणि निरोप देऊन गेला: पट्टे आहेत. एक पट्टा जाड, एक पातळ, एक जाड. टोपी एका कानावर बसते आणि दुसऱ्यावरून उठते.

सिप्रियानोने आधी झाडाला दोष दिला. मग मोगरीला, तिच्या अंगावरच्या खाचा नव्याने खणून घेतल्या. मग पावसाला. या तिसऱ्या कापडालाही तसेच पट्टे येऊ लागले तेव्हा दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि आज समोर गेरेवाझी येऊन बसला होता.

"वर धरून मार," गेरेवाझी म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी शिंपड." मग, "घाई करतोयस."

"सालोंगो, तुला चटईवर बसायला आणलंय. पंच म्हणून नाही."

जुळ्यांच्या बापाला सालोंगो म्हणायचं असतं आणि आदराने म्हणायचं असतं. सिप्रियानोने ते दात आवळून म्हटलं.

नालोंगो, जुळ्यांची आई आणि गेरेवाझीची बायको, पाण्याचा पेला घेऊन आली आणि गुडघे टेकून तिने तो दिराच्या हातात दिला. "भावोजी, त्यांचं मनावर घेऊ नका," ती हळू म्हणाली. "घरात मला पण सांगतात, केळी कशी सोलायची."

"सोलता येतात का तुला?" गेरेवाझी म्हणाला.

"तुमच्या घरात आल्यापासून सोलतेच आहे," असं म्हणत तिने त्याचा उजवा हात उचलून सावलीत ठेवला आणि ती निघून गेली.

सिप्रियानोने साल उजेडाकडे धरली. पट्टे होते. बोटभर जाड, बोटभर पातळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी मोजून आखल्यासारखे. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रुंद खाचांची मोगरी त्याने बाजूला टाकली आणि एकदम बारीक खाचांची उचलली. ती शेवटी वापरायची असते, साल सगळीकडून सारखी झाल्यावर, निव्वळ हात फिरवल्यासारखी. त्याने ती जाड पट्ट्यांवर जोराने चालवली. पट्टे बसवायचे होते, आत्ता, एकदाचे.

"धाकट्या, नको."

चौथ्या की पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. मोगरीखाली साल नव्हती, ओंडका होता.

करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं.

केळीच्या बागेत कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. सिप्रियानोने मोगरी खाली ठेवली. ती फेकायची नाही, एवढं त्याला अजून आठवत होतं.

"झालं तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "सकाळपासून चुकतंय, चुकतंय. चुकलं. आता सुखाने मर."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. गेरेवाझीच्या चेहऱ्याची एकच बाजू हलायची, आणि ती हसत होती की काय ते कळेना.

"परत ठोक," तो म्हणाला.

"कशाला?"

"डोळे मिटून ऐकतो. नुसतं ठोक. ओंडक्यावर ठोकलंस तरी चालेल."

सिप्रियानोला उठून घरी जायचं होतं. पण साल ओली होती, आणि ओली साल टाकून उठणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने रुंद खाचांची मोगरी घेतली आणि रागानेच ठोकायला लागला. गेरेवाझीने डोळे मिटले. त्याचा डावा हात चटईवरून सरकत ओंडक्याच्या कडेला आला, आणि सिप्रियानोचा ठोका पडून गेला की बोटांनी तो लाकडावर हलकेच टकटक करू लागला. ठोका, टक. ठोका, टक. सिप्रियानोच्या खांद्यांतला ताण एकाएकी सैल झाला. कितीतरी दिवसांनी मोगरी आपसूक वर येत होती.

मग गेरेवाझीने हात थांबवला. सिप्रियानोची मोगरी हवेत अडखळली.

"बघ," गेरेवाझी म्हणाला. "माझा ठोका पडायची वाट बघतोयस."

"मी कुणाची वाट बघत नाही."

"तू नाही बघत, तुझा हात बघतो. एक ठोका मारतोस, हात दोन बोटं पुढे नेतोस. मधली जागा माझ्यासाठी सोडतोस. मी तिथे नाहीये, धाकट्या."

सिप्रियानोने सालीकडे पाहिलं. जाड पट्ट्याची रुंदी बरोबर मोगरीच्या तोंडाएवढी होती. प्रत्येक जाड पट्टा म्हणजे गेरेवाझीचा न पडलेला ठोका होता. परत आलेल्या दोन कापडांतही तेच होतं. त्याने कसलीही चूक केली नव्हती. त्याने फक्त अर्धं काम केलं होतं, नेहमीसारखं, चोख.

त्याला बरं वाटलं नाही. उलट संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

"मग तू मेलास असं धरून चालू?"

"कापड त्याचसाठी आहे ना?" गेरेवाझी म्हणाला.

तो सल्ला देणं सोपं होतं, पाळणं नाही. हात पुढे गेला की त्याला मागे आणायचं. ठोका मारायचा, अर्धं बोट सरकायचं, पुन्हा मारायचा. मन भरकटलं की हात जुन्या चालीवर जाई आणि मागे एक जाड रेघ उठे. कंपालाच्या बाईचा विचार आला, रेघ उठली. भोकाचा विचार आला, रेघ उठली. गुडघा दुखतो, याचा विचार आला तेव्हाही उठली. गेरेवाझी सांगत असलेलं त्याने ऐकलं नसतं तरी सालीने सांगितलंच असतं. तो दर वेळी मागे जाऊन रेघ मोडत होता आणि तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता. मोगरीखाली आत्ता जेवढी साल आहे तेवढीच आहे, पुढची अजून आलेली नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. दोन ठोके ते टिकलं. मग पुन्हा बजावलं.

नालोंगो वाफवलेल्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण घेऊन आली, तेव्हा तिने विचारलं की आज आवाज असा का येतोय, मला वाटलं कुणी नवशिक्या बसलाय.

"नवशिक्याच आहे," गेरेवाझी म्हणाला.

सिप्रियानो हसला नाही. पण त्याने जेवण हातात घेतलं.

दुपारनंतर साल केळीच्या पानांत गुंडाळून ठेवली, म्हणजे ओल टिकते. दुसऱ्या दिवशी मधल्या मोगरीने आणि मग बारीक मोगरीने ठोकली. ती रुंदावत गेली, मऊ पडली. कडांना दगड ठेवून उन्हात ताणली तेव्हा तिचा फिका रंग मातीसारखा तांबडा होत गेला. पट्टे जवळजवळ गेले होते. एका टोकाला तीन उरले, ते त्याने किती घासले तरी गेले नाहीत. भोक कापडाबरोबर ताणून अंगठ्याएवढं झालं होतं.

कापड वाळल्यावर सिप्रियानो सुई आणि ताडाचा धागा घेऊन आला. तो गेरेवाझीकडे बघत नव्हता.

"ठेव ते," गेरेवाझी म्हणाला.

"एवढं उघडं कसं ठेवू? लोक बघतील."

"शिवण नको म्हटलं होतं मी. भोक नको, असं कुठे म्हटलं?"

सिप्रियानो सुई हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने ती डोक्यावरच्या टोपीच्या कडेला खोचली.

"पुरेल का ते बघू या," गेरेवाझी म्हणाला. "मला त्यावर निजव."

जिवंत माणसाने असं करू नये, असं नालोंगो म्हणाली. दोनदा म्हणाली. दोघांनीही ऐकलं नाही तेव्हा तिने त्याच्या पायांकडची बाजू धरली आणि सिप्रियानोने खांद्यांकडची. त्यांनी त्याला अंगणात कापडावर उताणं ठेवलं. तिने उजवा हात उचलून त्याच्या बाजूला सरळ केला. गेरेवाझीने डोळे मिटले. कापड उन्हाने अजून गरम होतं, असं तो म्हणाला.

सिप्रियानो गुडघ्यांवर बसला आणि वितीने मोजू लागला. डोक्यापलीकडे दोन विती उरलं होतं. पायांपलीकडे एक. भोक अंगाखाली आलं नव्हतं, उजव्या हाताच्या बोटांपासून चार बोटं बाहेर होतं.