हजिऱ्यातला मुजरा

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन झालं, आता माणसांची एक गोष्ट सांगतो. उठाल तेव्हा हसतच उठाल.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या उषाताईंना दोन वर्षांपासून एक काम वाढलं होतं, निरोप पोचवायचं. मुलगा सौरव इंदोरला. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला तो लागोपाठ दोनदा आला नाही, तेव्हा त्याच्या वडिलांनी, मल्हाररावांनी, फोनवर सुनावलं की आता आमच्या तलवारीला तुझा हात नको. झालं! बापलेकांचं सगळं बोलणं तेव्हापासून उषाताईंमार्फत.

मग समाजाच्या मंडळानं टूम काढली. पूर्वज दिल्लीकडची मोहीम आटोपून चंबळ ओलांडून ज्या वाटेनं ग्वाल्हेरला परतत, त्याच वाटेनं आपणही स्वारी काढू, अंगरखे-पगड्या घालून. मिशा पाहून मल्हाररावांना सरदार केलं. नात तन्वी बैलगाडीसाठी हटून बसली, म्हणून सौरवही आला, शिलेदार झाला. पण ग्वाल्हेरातल्याच हजिऱ्याला स्वारी संपली की घरी न येता परस्पर इंदोरची गाडी धरणार, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. त्याआधी दोघांत एक तरी शब्द सरळ व्हावा, एवढंच उषाताईंचं मागणं होतं.

बाप पुढे घोड्यावर, लेक मागे भाला खांद्यावर टाकून. मुरैना गेलं, नूराबादचा जुना पूल गेला. बाप म्हणे, त्याला सांग पाणी पी. लेक म्हणे, त्यांना सांग औषध घ्या. उषाताईंच्या गाडीचे बैलसुद्धा एवढ्या वाटेत एकमेकांची मान चाटून मोकळे झाले.

हजिऱ्याच्या बाजारात मांडव होता. शिलेदारांनी सरदाराला मुजरा करायचा आणि पांगायचं. माईकवरच्या हिंदी निवेदकानं जोशात पुकारलं, "अब सौरव जी सरदार साहब के सामने मुजरा पेश करेंगे!"

बाजार गोळा झाला. शिट्टी वाजली. घुंगरू कुठे आहेत म्हणून कुणी विचारलं. तन्वीनं पदर ओढला, "आजी, पप्पा को नाचना आता है?"

हात जमिनीपर्यंत नेलेला सौरव तसाच अडकला, कानापर्यंत लाल. उषाताईंना वाटलं, संपलं. आता हा भाला टाकून स्टेशन गाठतो.

मल्हारराव मांडवातल्या मंचावरून उतरले, मुलाशेजारी उभे राहिले. निवेदकाला म्हणाले, "हमारे यहाँ मुजरा सलाम होता है, बेटा. देखो." आणि वाकले. मग बाजूला न बघताच, "मान नको, कंबर वाकव. शिकवलं होतं ना?"

"बाबा, तुमचीच अडेल," सौरव पुटपुटला.

"अडली तर तू उचल."

दोघांनी बाजाराला तीन मुजरे घातले. तिसऱ्याला कंबर खरंच अडली. सौरवनं बापाला बगलेत धरून बैलगाडीत बसवलं आणि स्वतःही चढला. इंदोरच्या गाडीचा विषय कुणी काढला नाही.

घरी पानावर बसल्या बसल्या शस्त्रपूजेवरून भांडण पेटलं. हात वाळले तरी चालूच, पण समोरासमोर. उषाताई मध्ये पडल्या नाहीत, भात वाढत राहिल्या.

पांडुरंग तुमचं भलं करो. घरी जाऊन पहिला घास घ्याल तेव्हा उषाताईंना आठवा. त्या दिवशी त्या सगळ्यांच्या शेवटी जेवल्या, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.