कढईतलं बेअरिंग आणि फ्रीजमधला मी

मशीनचं नाव सगळे घेतात, तिच्या पोटातल्या माझं कोणी घेत नाही. मी क्रँक बोलतोय. लाकूड कापायच्या मशीनमधला वाकडातिकडा लोखंडी दांडा. पिस्टन वर-खाली नाचतो, त्याच्या नाचावर मी गरगरतो, तेव्हा कुठे साखळी फिरते आणि झाड पडतं. कौतुक मात्र साखळीचं. असो. लोकांना दिसतं तेवढंच कळतं.

माझ्या दोन्ही अंगांना दोन बेअरिंगं. त्यांच्या मांडीवर बसूनच मी फिरतो. तुम्ही एक श्वास घ्याल तेवढ्यात माझे शेकडो फेरे होतात. कुठल्या कारखान्यात झालो ते ठाऊक नाही. स्वतःचा जन्म कोणाला आठवतो?

पहिला मालक पांढुर्ण्याचा, संत्र्याचा बगीचेवाला. बुंध्यांना लावायला मोरचूद कालवायचा आणि त्याच कॅनमध्ये, न धुता, माझं पेट्रोल भरायचा. शहाणाच! ते मोरचुदाचं पाणी बेअरिंगांना खात गेलं. मशीन आधी किरकिरली, मग अडकली. त्यानं ती गोठ्यात फेकली. वर कोंबडी अंडी घालू लागली.

तिथून मला चंद्रकलानं उचललं. ही सौंसरची बाई, वाळलेली संत्र्याची झाडं कापून देते. तिची आधीची मशीन चोरीला गेली होती आणि लोधीखेड्याचा एक बगीचा तिनं अंगावर घेतला होता. सोमवारी मशीन चालली नाही तर बगीचेवाला जेसीबी बोलावणार. आणि एकदा जेसीबी घुसला की पुढचे बगीचेही त्याचेच. मग ही काय कापणार, नखं?

तिनं मला बापूजीच्या टेबलावर ठेवलं. हा म्हातारा फवारणीचे पंप दुरुस्त करतो.

"बापूजी, सोमवारी लागते मले मशीन."

"सोमवार मले नको सांगू. आधी पाहू दे, जिता आहे का मेला."

माझं घर दोन फाकांचं. त्यानं ते उघडलं आणि मी जन्मात पहिल्यांदा ऊन पाहिलं. बापरे! एवढं मोठं जग, आणि मी एवढ्याशा डबीत फिरून स्वतःला शहाणा समजत होतो!

जुनी बेअरिंगं त्यानं पुलरनं ओढून काढली. गोळ्या खरबडलेल्या, कडेला निळसर डाग.

"हे निळं काय जी?"

"मोरचूद. झाडाचं औषध याले पाजलं कोण्या बहाद्दरानं."

मग माझी पाळी. माझ्या अंगात अडकवलेला पिस्टनचा रॉड सैल झालाय का पाहायला त्यानं डोळे मिटून वर-खाली ओढला.

"वर-खाली हालत नाही. आजूबाजूले जरासा सरकते, तेवढं पाहिजेच."

दोन टोकांवर टेकवून त्यानं मला हळूहळू फिरवलं. टोकं सरळ आहेत का ते सांगणाऱ्या गेजचा काटा हलल्यासारखा झाला आणि थांबला.

"सरळ आहे. जिता आहे."

चंद्रकलानं बाजारातून आणलेलं नवं बेअरिंग घेतलं आणि हातोड्याकडे हात नेला.

"ठेव तो! ठोकला तं वाकते. वाकला तं तुहा सोमवार भंगारात."

मला थैलीत गुंडाळून फ्रीजरात ठेवलं, मटरांच्या शेजारी. बेअरिंगं तेलात, चुलीवर. बापूजीची बायको कलाबाई धावत आली.

"अवो, माह्या भज्याच्या कढईत काय तळून राहिले?"

"बेअरिंग."

"आन् फ्रीजात?"

"क्रँक."

"मंग मले बी बसवा फ्रीजात. डोकं तरी थंड होईन!"

थंडीनं मी केसाहून कमी आक्रसलो. तापून बेअरिंग तेवढंच फुगलं. बापूजीनं मला पुसलं, चिमट्यानं बेअरिंग धरलं, सोडलं. ते अलगद घसरत माझ्या खांद्याशी येऊन बसलं. ना ठोका, ना जोर. क्षणभरानं त्याची मिठी आवळली ती अशी, की आता सुटणं नाही. दुसरंही तसंच. एवढं आयुष्य मी धक्क्यांतच काढलं. मायेनंही लोखंड बसतं, हे मला माहीत नव्हतं.

"अग माय! आपोआप गेलं!" चंद्रकला पुटपुटली.

फाका जोडल्या, बोल्ट कसले. बापूजीनं मला फिरवलं. मी हललोच नाही. चंद्रकलाचं तोंड उतरलं.

"गेला न जी?"

म्हाताऱ्यानं लाकडी मोगरी घेऊन माझ्या टोकावर टिचकीएवढा एकच ठोका दिला.

"कसतानी एका अंगाले दबला होता. फिरव आता."

तिनं दोन बोटांनी फिरवलं. मी असा फिरलो, की माझा मलाच आवाज आला नाही.

आज सोमवार. लोधीखेड्याच्या बगीच्यात आम्ही उभे आहोत. नव्या कॅनमधलं पेट्रोल, त्यात ऑइल मापून घातलेलं. बगीचेवाल्याच्या कानाला फोन.

"बाई, जेसीबीवाला विचारून राहिला. येऊ का म्हणते."

"थांबा न भाऊ."

पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला नुसती खोकली. ती तिसऱ्यांदा दोरीला हात घालतेय, तेवढ्यात सांगून घेतो. तुमच्याकडे अडकलेली मशीन असेल तर कोंबडीखाली टाकण्याआधी उघडून पाहा. पोटात कोणी जिता असतो.

बस्स. तिनं दोरी ओढली. आता मला बोलता येणार नाही, मी फिरतोय. बगीचेवाला फोनवर काय म्हणाला, ते या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही. पण चंद्रकलानं मशीन उचलली, आणि साखळी पहिल्या बुंध्याला लागली.