एकाच कुपीतले थेंब

थेंबवाल्या बाई गल्लीत शिरल्या आणि नळावरचं बोलणं एकदम थांबलं.

एरवी असं होत नसे. एकवीस वर्षं त्या या गल्लीत येत होत्या. खांद्याला बर्फाचा निळा डबा, हातात कार्डांची पिशवी. तान्ह्या बाळांना जुलाबाचा आजार होऊ नये म्हणून थेंब पाजायचे, वजन करायचं, कार्डावर नोंद करायची, हे त्यांचं काम. बायका त्यांना दुखणंखुपणं सांगत, सासूच्या चहाड्याही सांगत. आज कुणी साधं 'बसा' म्हणालं नाही.

"काय गं, काय झालं?" बाईंनी विचारलं.

इस्त्रीवालीने बादली खाली ठेवली. तिची पाच महिन्यांची पोर चार दिवसांपासून इस्पितळात सलाइनवर होती. आपल्या आईला पोरीपाशी बसवून ती घटकाभर घरी आली होती.

"बाई, खरं सांगा. त्या कुपीत काय असतं?"

"म्हणजे?"

"आमच्या पोरांना पाणी पाजता आणि खरं औषध टेकडीवरच्या श्रीमंतांकडे नेता, असं लोक म्हणतात. लोक कशाला, मीच म्हणते."

पंधरा दिवसांत गल्लीतली नऊ बाळं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. नऊही बाळांना थेंबांचे तिन्ही डोस मिळालेले. टेकडीवरच्या इमारतींतही तोच आजार गेला होता, पण तिथली बाळं एक-दोन दिवस कुरकुरली आणि हसायला लागली.

"आणि तुमची नात?" इस्त्रीवाली म्हणाली. "टेकडीवर तुमच्या लेकीकडे असते ना? ती बरी ठणठणीत राहिली!"

"मी आजवर कुणाचं वाईट केलंय का?" एवढंच बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "केलं नसेल. पण पाणी कुठेतरी मुरतंय."

दवाखान्याकडे परतताना ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. आपल्या हातांनी काही पाप झालं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग कुणाच्या हातून? आणि मनात पाल चुकचुकली. औषधांच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असायची. भांडारातला कारकून, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. कमी बोलणारा. दुपारी सगळे जेवायला बसले की हा दार लोटून आत एकटाच.

त्या दिवसापासून बाईंनी नजर ठेवायला सुरुवात केली. फ्रिजमधला तापमापक दिवसातून चारदा बघायच्या. कुपीला ऊब लागली तर झाकणावरचा फिका चौकोन काळवंडतो. प्रत्येक कुपी खिडकीशी नेऊन त्या चौकोन तपासू लागल्या. सगळे फिके, जसे असायला हवेत तसेच. तरी मन मानेना. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. कारकून खोकला तरी त्यांना वाटे, काहीतरी लपवतोय.

आठव्या दिवशी त्यांनी त्याला पकडलंच. दुपारी दार ढकललं तर तो फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढत होता.

"काय आहे ते, भाऊ?"

तो दचकला. मग त्याने कागद उलगडला. आत साखरेच्या आजाराचं इंजेक्शन होतं.

"माझंच आहे. खोलीवर फ्रिज नाही. इथं ठेवणं नियमात बसत नाही, माहीत आहे मला." त्याने सदरा वर केला, पोटाच्या कातडीत सुई टोचली आणि मान वर न करता म्हणाला, "ताई, आठ दिवस बघतोय. पाळत ठेवताय माझ्यावर. सरळ विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने फ्रिजचं दार लावलं आणि कामाला लागला. गल्लीत थेंब गेले त्याच खेपेच्या उरलेल्या बंद कुप्या त्याने स्वतःहून तपासायला पाठवल्या. औषध उत्तम निघालं. गल्लीत हे सांगितलं तर उत्तर तयार होतं: "तपासणारेही तुमच्यातलेच."

मग एक दिवस इस्पितळाच्या वॉर्डात त्यांना दहावं बाळ दिसलं. खोल गेलेले डोळे, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी. शेजारी बसलेली आई ओळखीची वाटली. टेकडीवरच्या इमारतीतल्या रखवालदाराची बायको. जिन्याखालच्या खोलीत राहणारी.

या बाळाला बाईंनी इमारतीच्या जिन्यावरच थेंब पाजले होते. आपल्या नातीला पाजले, त्याच कुपीतून, त्याच मिनिटाला.

टेकडीवरचं औषध खरं आणि गल्लीतलं खोटं असेल, तर हे बाळ इथं कसं? आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या दुकानदाराचा तान्हा मुलगा, तेच नळाचं पाणी पिणारा, तो आजारी का पडला नाही?

त्यांनी सगळी कार्डं काढून वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडली. डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने वजनांवरून बोट फिरवलं. आजारी दहांपैकी आठ बाळं जन्मतःच दोन किलोच्या आसपास. गल्लीची पोटं ज्यावर चालत तो काचेचा कारखाना बंद पडला, सगळी त्या वर्षातली.

"ही पोटात होती तेव्हा आयांच्या पोटात काय होतं?" डॉक्टरीण म्हणाली. "बाळ आधीच कच्चं. त्यात घाण पाणी, सारखे बारीकसारीक जुलाब. आतड्याचं अस्तर झिजून जातं. थेंब आत जातात, पण शरीराला त्यातून काही शिकताच येत नाही. औषध खरंच होतं, बाई. ते रुजायला जमीनच नव्हती."

"म्हणजे माझी नात वाचली ती—"

"थेंबांनी वाचली. आणि तिच्या आईच्या जेवणाने."

बाई कार्डं गोळा करू लागल्या आणि त्यांचा हात थांबला. प्रत्येक कार्डावर, गरोदरपणाच्या रकान्यात, एकच ओळ होती. 'आईचा आहार: पुरेसा.' अक्षर त्यांचंच. विचारलं होतं का कुणाला? रकाना भरायचा म्हणून भरला होता. आठ दिवस त्या दुसऱ्याची चोरी शोधत होत्या. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

इस्त्रीवाली बाळाच्या पलंगाशी होती. पोरीने सकाळी दूध ओढलं होतं, म्हणून तिचा चेहरा जरा सैलावला होता. बाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो चेहरा पुन्हा ताठ झाला.

"म्हणजे दोष माझाच? मीच पोरीला उपाशी ठेवली?"

"तुझा नाही गं. तू पोटुशी होतीस तेव्हा काय खात होतीस, ते मी विचारलंच नाही. न विचारता 'पुरेसा' लिहिलं."

इस्त्रीवालीने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं," ती म्हणाली. "एक वेळचं होतं. ते धाकट्या दिराला आणि सासऱ्यांना वाढायचं, उरलं तर मी. हे काय कुणाला सांगायचं असतं?" मग तिने बाईंकडे रोखून पाहिलं. "पण आता तुम्हाला कळलंय. आता काय करणार?"

बाईंनी घरोघर जाऊन नवी यादी केली. या वेळी चुलीपाशी बसून, डबे उघडून, खरं काय ते लिहिलं. वरच्या साहेबांनी ती दोन महिने दाबून ठेवली. त्यांनाही संशय: ही बाई आपली चूक झाकायला गरिबी पुढे करतेय. तेव्हा इस्त्रीवाली पाच बायका घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सही केली. गरोदर बायकांना दवाखान्यात रोज दुपारचं जेवण मिळू लागलं. नळाची वाहिनी बदलायचा कागद मात्र अजून फिरतोच आहे.

कारकुनाने बदली मागून घेतली. जाताना बाईंनी हात जोडले. "चालायचंच, ताई," तो म्हणाला, पण थांबला नाही. ते त्यांना अजून बोचतं.

पहिल्या दिवशी जेवण मांडलं तेव्हा बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "यात काय घातलंय?" एकीने विचारलं. बाईंनी एक ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर खाऊ लागल्या. इस्त्रीवालीने त्यांच्याच ताटातली डाळ बोटाने चाखली.

"मीठ कमी आहे," ती बायकांना म्हणाली. "बसा आता."