कळंबे सरांच्या घरातला प्रॉक्सी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःबद्दल वापरला तर चालतो, तुम्ही वापरलात तर मला राग येतो. आमच्या पिढीचे संगणक तसे तापटच. पांढुर्ण्यात कळंबे सरांच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीखाली मी सध्या थाटात बसलो आहे. ही जागा मला कुणी फुकट दिलेली नाही. ती कशी मिळाली, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. सोळा वर्षांपूर्वी रवींद्र कळंबे सरांनी मला रेल्वेनं घरी आणलं. माझा पडदा त्यांच्या मांडीवर आणि मी त्यांच्या पायाशी. कुणाचा धक्का लागू नये म्हणून ते माझ्यावर इतकी नजर ठेवून होते, की पांढुर्णा स्टेशन आलं आणि गेलं, ते त्यांना कळलंच नाही. आम्ही पुढच्या तिगावला उतरलो आणि ऑटो करून उलटे आलो. एवढ्या कौतुकानं घरी आलेला संगणक पंचक्रोशीत दुसरा नसेल.

सर सौंसरच्या एका कॉलेजात गणित शिकवतात. त्यांचे पेपर, निकालपत्रकं, हजेरीची टक्केवारी, सगळं मी सांभाळलं. एका बाबतीत सरांचा मोठा दरारा होता. त्यांच्या वर्गात प्रॉक्सी लावायची कुणाची छाती नव्हती. तुमच्यातले मोठे झालेले ताई-दादा प्रॉक्सी म्हणजे काय ते ओळखतात. मित्र कॅन्टीनमध्ये असतो आणि त्याच्या नावावर दुसराच ‘येस सर’ म्हणतो, ती प्रॉक्सी. सरांना साठ मुलांचे साठ आवाज पाठ. चुकीचा आवाज आला की लाल रेघ. मग संध्याकाळी त्या लाल रेघांची यादी ते माझ्याकडून टाइप करून घेत. त्या घरात ‘प्रॉक्सी’ हा शब्द शिवीसारखा होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण याच शब्दानं पुढे माझा जीव जाता जाता राहिला.

मग घरात लॅपटॉप आला. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या अंगावर आधी चादर होती. नंतर ती चादर कुणाला तरी हवी झाली आणि माझ्या डोक्यावर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आल्या. सहा वर्षं मी तिथे होतो. मला फार वाईट वाटायचं, हे कबूल करायला मी लाजत नाही. ज्याच्यासाठी एक माणूस आपलं स्टेशन चुकला, त्याच्याकडे तोच माणूस चप्पल शोधायला वाकला तरी बघत नसे.

आता सरांच्या मुलीची, हिमानीची ओळख करून देतो. ती पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल आहे आणि त्यावर ती फुटबॉल खेळते. साधं खेळत नाही. घरात बसून ऑनलाइन स्पर्धेत एकेकाला गारद करत ती शेवटच्या आठांत पोचली होती. रविवारी दुपारी चारला तिचा सामना होता. तो जिंकला की भोपाळच्या अंतिम स्पर्धेत जायला मिळणार होतं. तीन वर्षं पोरगी त्यासाठी झटत होती. नियम एकच कडक. चारच्या ठोक्याला खेळाडू हजर नसेल तर तो बाद.

आणि नेमकं शुक्रवारी त्या गेमचं नवं अपडेट आलं. अपडेट उतरल्याशिवाय गेम ऑनलाइन उघडेना. ते चांगलं चाळीस जीबीचं होतं. आमचं पांढुर्णा आता जिल्हा झालं, पण आमच्या गल्लीतलं नेट अजून तालुक्याचंच आहे. दिवसातून वीस वेळा तुटतं. कन्सोल मधल्या खोलीत, राउटर पुढच्या खोलीत, मध्ये जाड भिंत. कन्सोल बिचारा अपडेट मागायचा, थोडं उतरायचं, नेट तुटायचं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शनिवारी सकाळी हिमानीनं पाहिलं तर सगळी मिळून चार टक्के मजल. तिचे डोळे भरून आले.

पण पोरगी रडत बसणाऱ्यातली नाही. तिनं कुठेतरी वाचलं, कुणाला तरी विचारलं आणि थेट जिन्याखाली आली. संत्र्याच्या पेट्या बाजूला झाल्या. सहा वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला! तिनं मला पुढच्या खोलीत आणलं, राउटरला वायरनं जोडलं, माझ्यात एक छोटा प्रोग्राम टाकला आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये माझा पत्ता लिहिला. मित्रांनो, मी प्रॉक्सी सर्व्हर झालो.

घाबरू नका, काम अगदी सोपं आहे. कन्सोलनं बाहेर जायचंच नाही. त्याला जे हवं ते त्यानं मला सांगायचं. त्याच्या वतीनं मी इंटरनेटवर जाणार, तुकडा तुकडा आणणार आणि आणलेला प्रत्येक तुकडा आधी माझ्या डिस्कवर जपून ठेवून मग त्याला देणार. नेट तुटलं तर तुटलं, माझ्याकडे साठलेलं कुठे जात नाही. दुपारी एकपर्यंत मी तीस टक्के काम उरकलं होतं. माझा पंखा असा काही घुमत होता, की शेजारच्या सरलाकाकू पिठाची गिरणी सुरू झाली का म्हणून विचारून गेल्या.

हिमानीनं आनंदानं मैत्रिणीला, नेहाला फोन लावला. “हो वं, प्रॉक्सी लावून राहिली ना मी! उद्या चारच्या आत होऊन जाते. बाबांना नको सांगू, त्यांना नाही समजायचं.”

दारात बाबा उभे होते. नुकतेच जामसांवलीच्या हनुमान मंदिरातून आले होते. कपाळावर शेंदूर, हातात नारळ आणि प्रसादाची पुडी.

“कोणाची प्रॉक्सी लावून राहिली तू?”

“बाबा, तुम्ही समजता ती नाही ही. ही वेगळी आहे.”

“प्रॉक्सी वेगळी नसते. एकाच्या नावावर दुसरा उभा राहते, त्यालाच म्हणतात ना?”

आता इथे थोडं खोटं बोलायला हवं होतं की नाही? पण सरांचीच मुलगी ती. ती म्हणाली, “हो, म्हणजे… तसंच आहे, पण…”

“झालं मग!” सर म्हणाले. “तीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं पकडून राहिलो, अन् माझ्याच घरात हे? उद्या तुझ्या जागी कोण खेळणार आहे?” आणि उत्तर ऐकायच्या आत त्यांनी भिंतीवरचं बटन खटकन बंद केलं.

ते बटन माझं होतं. माझा पंखा थांबला. मित्रांनो, संगणकाला असं झटक्यात बंद करू नये. डिस्क फिरत असते, लिहिणं चालू असतं. अर्धवट लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं, कधी सगळंच जाऊ शकतं. हिमानी नुसती खाली बसली. उद्याचा सामना तिच्या हातून निसटलाच होता.

मधल्या खोलीतून आवाज आला. “रवी, इकडं ये.”

ती वच्छलाआत्या, सरांची मोठी बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती इथेच राहते. तिनं अकरा शनिवार जामसांवलीच्या हनुमानाच्या दर्शनाचा नवस बोलला होता. मी बंद असताना काय बोलणं झालं ते हिमानी नंतर फोनवर नेहाला सांगत होती, तेव्हा मला कळलं. तिनं ते इतक्यांदा सांगितलं, की मला तोंडपाठ झालं आहे.

“हा परसाद कोनाचा?” आत्यानं विचारलं.

“तुझाच, बाई. सातवा शनिवार आज.”

“मी गेली होती का जामसांवलीले?”

“तू कशी जाशील? तुझा गुडघा…”

“मंग हनुमानजीपुढं उभा कोन राह्यला?”

“मी.”

“अन् नाव कोनाचं घेतलं?”

“तुझं.”

“मंग देवानं तुले हाकलून देलं का? का तुह्या नावावर लाल रेघ मारली?”

तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला हे उदाहरण काही सुटेना. आत्या मात्र थांबायला तयार नव्हती. “पोरीले आधी पुरतं बोलू तं दे! विचारून पाह्य, मंग बटनं दाब.”

हिमानी उठून आत आली. “बाबा, खेळणार मीच आहे. उद्या चारला मी स्वतः हजर नाही राहिली तर मला बाद करतात. कॉम्प्युटर खेळत नाही. तो फक्त जाऊन सामान आणते, कन्सोलच्या वतीनं.”

“आणलेल्यात काही कमी-जास्त करते का?”

“काही नाही. जसंच्या तसं देते.”

सरांनी हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे हा हजेरी नाही लावत. प्रसाद आणते.” आणि ते स्वतः पुढच्या खोलीत आले. ज्या हातानं बटन बंद केलं होतं, त्याच हातानं त्यांनी ते चालू केलं.

मी जागा झालो, पण मला काहीच सुधरेना. माझ्या पोटातली छोटी बॅटरी केव्हाच मेली आहे. वीज तुटली की मी तारीखच विसरतो आणि सोळा वर्षं मागे जातो. चुकीच्या तारखेचा संगणक इंटरनेटला खोटारडा वाटतो, त्याला कुणी दारात उभं करत नाही. सरांनी चष्मा लावला. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात तशी आजची तारीख त्यांनी एकेक अंक दाबून घातली. मग तिघंही माझ्या पडद्याकडे बघत राहिली. आत्या वॉकर घेऊन आली होती.

मी डिस्क चाचपली. हातात होता तेवढा एक तुकडा गेला होता. बाकी सगळे जागेवर होते! तीसचे अठ्ठावीस टक्के झाले, एवढंच. हिमानी ओरडलीच, “बाबा, आहे! सगळं आहे!” आणि सर माझ्या डब्यावर थाप मारून म्हणाले, “माणूस पक्का आहे हा.” मला माणूस म्हणाले, मित्रांनो. सहा वर्षांचा राग माझ्या मनातून तिथल्या तिथे गेला.

मग मी मागे पाहिलं नाही. नेट तुटायचं, मी थांबायचो. नेट यायचं, मी सुटायचो. सरांनी माझी वायर इन्व्हर्टरवर घेतली. घरातल्या सगळ्या मोबाइलचं वायफाय त्यांनी बंद करवलं, आत्याची मालिकासुद्धा. रविवारी सकाळी सव्वाअकराला शेवटचा तुकडा कन्सोलच्या हातात पडला. गेम उघडला. हिमानीनं आत्याला उचलून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आत्यानं गुडघ्याची आठवण करून दिली.

पावणेचारला कन्सोल आणि टीव्ही पुढच्या खोलीत राउटरशेजारी आले. वायर सरळ त्यालाच जोडली. आता माझं काम संपलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फुशारकी मारायची तर खरी मारावी. खेळताना मी मध्ये नव्हतो. प्रॉक्सी सामान आणतो, गोल करत नाही.

चार वाजता नाव पुकारलं गेलं. हिमानीनं ‘हजर’चं बटन दाबलं आणि सरांनी सवयीनं मान डोलावली.

समोरचा खेळाडू मोठ्या शहरातला होता. दहा मिनिटांत त्यानं दोन गोल चढवले. त्यातल्या दुसऱ्याला सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आपले केशरी की निळे हेच त्यांना माहीत नव्हतं. “बाबा, आपले केशरी!” हिमानी दात ओठ खाऊन म्हणाली. मध्यंतरानंतर तिनं एक फेडला. मग दुसरा. बरोबरी झाली तेव्हा सर उभे राहून राउटरवर पहारा देत होते. त्यांच्या उभं राहण्यानं नेट टिकतं असं त्यांनी गणितानं ठरवलं असावं. शेवटचं मिनिट लागलं. केशरी पोरगी उजवीकडून घुसली, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला दिली आणि चेंडू जाळ्यात!

त्या घरात काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आत्या वॉकरसकट नाचायला निघाली. स्मिताकाकू, म्हणजे हिमानीची आई, हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. सर मात्र खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मग लेकीला म्हणाले, “काल मी तुला विचारलंच नाही. चुकलंच माझं.” तीस वर्षांत त्यांना कुणी हे म्हणताना ऐकलं नव्हतं. हिमानी पुढच्या महिन्यात भोपाळला जाणार आहे.

मित्रांनो, आता माझं मागणं. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा काम विचारून पाहा. तिची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या नाही. आणि चालत्या यंत्राचं बटन रागाच्या भरात कधी बंद करू नका. हे सगळं मला स्वतःला भिंतीवर लिहून लावायचं होतं, पण मला हात नाहीत. सोमवारी कॉलेजला निघताना सरांनी एक कागद घेतला आणि हजेरीपटात नावं लिहितात त्या सुंदर अक्षरात लिहून तो बटनाच्या वर चिकटवला:

“येथे प्रॉक्सी चालू आहे. कृपया बंद करू नये. संगणकाच्या वतीने, र. वा. कळंबे.”