शिवणीतली थरथर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर घोट्याला कापडी पट्टा बांधलेली एक बाई काठी टाकून चालली आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

"पट्टा थरथरला की समजा, मी तुमचा पाय धरलाय!" स्पर्शगुरू डोळे मिटून म्हणाले. भक्तांचे पाय धरणारा गुरू सासऱ्यांना घेऊन आलेल्या सुनेने पहिल्यांदाच पाहिला.

शेजारी तिचे सासरे, घोट्याला तसलाच कापडी पट्टा बांधून. पक्षाघातानंतर ते पाय ओढत चालायचे. पट्ट्याने चाल सुधारली, हे खरंच होतं. पण गुरूंनी दवाखान्यातले व्यायाम बंद करायला लावले. आणि परवा पट्टा थरथरायचा थांबला, मुका झाला, तेव्हा म्हातारा भर जिन्यात कठडा धरून रडत उभा राहिला. "गुरू रागावले," एवढंच म्हणत होते. यांचं पाऊल आता जन्मभर दुसऱ्याच्या मर्जीवर पडणार, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

आज पट्टा गुरूंकडून 'शुद्धी' होऊन परत मिळाला होता. ही शुद्धी दर आठवड्याला व्हायची. शिवणकाम करणारी ती, तिने शिवण बोटांनी चाचपली. नव्या टाक्यांशेजारी सुईची जुनी भोकं, रांगेने. शुद्धीसाठी शिवण कशाला उसवावी लागते?

तिने पर्समधून कात्री काढली.

"सूनबाई, नको गं! पाय जातील माझे."

"मामंजी, चार टाके तर आहेत. परत घालून देईन."

आतून निघाली गोल बॅटरी, एक इवलीशी चकती आणि मोबाइलमध्ये असते तसली थरथरणारी मोटर.

सुनेने दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मुद्दाम सोबत आणलं होतं. त्या ते भाग सगळ्यांना दिसतील असे उंच धरून उठल्या. "टाच नीट टेकली नाही की ही चकती ओळखते, मोटर थरथरते, आणि आपण पाऊल सुधारतो. आम्हीही असे पट्टे देतो. सवय लागली की काढून घेतो."

"माझीच शक्ती त्या यंत्रातून..." गुरू बोलू लागले.

"मग परवा शक्तीची बॅटरी संपली होती का हो?" मागून कुणीतरी विचारलं. सभागृह हसलं. सासरे हसले नाहीत.

"माझे व्यायाम का बंद केलेत?" त्यांनी गुरूंना विचारलं. गुरूंनी पुन्हा डोळे मिटले.

मग सासरे उठले. उघड्या घोट्याने, टाच आधी टेकवत, दारापर्यंत गेले. पाय लटपटत होते, पण थांबले नाहीत. सुनेला रडू आवरेना.

चमत्कार देणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: यात आहे काय, आणि हे मला सोडता येणार कधी? तो चिडला, तर तिथून उठा. चालता तुम्हाला येतंच.