कूलरसमोरची नळी

मी काचेची एक नळी बोलतेय. वीतभर लांब, दोन्ही तोंडं उघडी. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत माझ्या पोटात निळी वीज पेटते. एका तोंडाने खोलीतली साधी हवा आत येते. दुसऱ्या तोंडाने बाहेर पडताना तिच्यात ओझोन मिसळलेला असतो. वास तिखट, आणि जास्त झाला की छातीत जळजळ. तो किती झाला, ते पुढचं यंत्र मोजतं. पाहुणे माझा निळा उजेड बघून निघून जातात. आकडा बघत बसते ती तुबा.

तुबा अकोल्याची. या हवेने बियाण्यावरची बुरशी मरते. तिचे अब्बा जैनुद्दीन यांचं जठारपेठेत बियाण्याचं दुकान. पहिलं मशीन त्यांच्याच दुकानामागच्या बंद खोलीत बसायचं होतं, पण ओझोन मर्यादेत आला तरच.

थंडीत आकडा फार यायचा. उन्हाळा लागला, खोलीत कूलर आला, आणि आकडा भराभर उतरला. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राजक्ता मॅडम खूश झाल्या. "पाठवून द्या मशीन," म्हणाल्या, आणि मशीन अकोल्याला निघालं. माझ्या आतल्या अंगावर धुरकट थर चढत होता, पण नळीला कोण विचारतं?

मग एका दुपारी आकडा एकदम चढला.

"नळीच बिघडली," तुबाचा प्रयोगातला जोडीदार कुलदीप म्हणाला. "फेक तिले."

मला काढून ट्रेमध्ये टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नवी नळी लागली. आकडा तोच.

तुबाने घाम पुसला आणि थबकली. "कूलर काहून गरम हवा फेकून राहिला?"

"पंप बंद पडला त्याचा."

तिने बादलीभर पाणी कूलरच्या गवतावर ओतलं. आकडा खाली आला. ओल्या हवेत ओझोन कमी बनतो. उन्हाळाभर आम्ही कूलरची ओल मोजत होतो.

"मंग अब्बाले बी कूलर लावून दे," कुलदीप म्हणाला.

"बियाण्याच्या खोलीत? ओल लागली तं बी नासते." बोलता बोलता तिने फोन लावला होता. "अब्बा, मशीन अभी मत उतरवाओ."

"उतर गयी बेटा. बाजू में कुर्सी डाल के बैठा हूँ. चालू करूँ क्या?"

"नहीं! उठो वहाँ से, अब्बा."

आता मोजताना कूलर बंद असतो. सगळे घामाघूम होतात. तुबाने तो ओलीचा थर पुसून मला परत जागेवर बसवलंय. आकडा आवडला नाही म्हणून नळी फेकू नका, आणि आवडला तरी जरा थांबा, एवढंच माझं मागणं. सध्या तो थंडीतल्यासारखाच नकोसा येतो आणि तुबाचं तोंड उतरतं. उतरू दे. अकोल्यातली ती खुर्ची रिकामी आहे.