पिशवीचा रंग

‘हिचं तोंड म्हणजे मशीनची सुई, कापड समोर आलं की टाका पडलाच,’ असं चेनवाले काका म्हणायचे. म्हणायचे तेही काकूंच्या समोरच, आणि म्हणून झालं की हळूच मशीनच्या पलीकडे सरकायचे. बॅगांच्या, दप्तरांच्या, पिशव्यांच्या चेन बदलून द्यायचा त्यांचा धंदा. ते चेनवाले काका, म्हणून त्या चेनवाल्या काकू. खरं तर शिवणाचं सगळं काम काकूंचं. काकांच्या हाती फक्त पक्कड, चेनीवर मागेपुढे पळणारे रनर आणि चेन सुळसुळीत करायला घासायचा मेणबत्तीचा तुकडा. दुकान एवढंसं की दोघं आत बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलावं.

दुकानातल्या फळीवर एक पत्र्याचा डबा असायचा. खिसा फाटका असला की आतली वस्तू अस्तरात घरंगळते आणि धन्याला वाटतं, हरवली. दुरुस्ती करताना अशा कितीतरी वस्तू हाती लागत. काका त्या परत द्यायला बघत, पण गिऱ्हाईक घाईत असे, कुणी ‘ही माझी नाहीच’ म्हणे, कुणी बॅगच न्यायला येत नसे. मग ती वस्तू डब्यात जाई. शिट्टी, किल्ली, एक हिरवं बटण, बाहुलीचा एकच बूट, कुणाचा तरी दुधाचा दातसुद्धा.

“आज ना उद्या येतील न्यायला,” काका म्हणत.

“दात न्यायला येईल तोवर त्याला नातवंडं झालेली असतील,” काकू म्हणत.

एका बाबतीत मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. लग्नाआधी काकू पहिल्यांदा दुकानात आल्या होत्या त्या पिशवीची चेन लावून घ्यायला. ती पिशवी काकांच्या मते निळी होती आणि काकूंच्या मते तपकिरी. हा वाद अख्ख्या गल्लीला पाठ होता. भाजीवालासुद्धा मध्येच विचारायचा, “काय काका, आज कुठला रंग?”

मागच्या वर्षी शहराच्या वस्तुसंग्रहालयातून एक बाई आल्या. तलवारी आणि सिंहासनं पुष्कळ जमवून झाली, आता साध्या माणसांच्या रोजच्या वस्तू जमवायच्या, आणि त्या वस्तूंची हकिगत त्यांच्याच आवाजात जपून ठेवायची, असं त्यांचं काम होतं. “हे शहर जगत कसं होतं, असं उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं ना काका?” त्या म्हणाल्या. डबा बघून बाईंचे डोळे लकाकले आणि बाईंचे डोळे बघून काका फुलले.

रेकॉर्डर फळीवर ठेवला गेला. काका एकेक वस्तू काढून सांगायला लागले. काकूंचं काम अडलेलं, त्यामुळे मशीन चालूच होतं, आणि मशीनबरोबर तोंडही.

“ही शिट्टी मैदानावरच्या पंचांची.”

“पंच कुठले? बसच्या कंडक्टरची. पंचांचा तर पट्टा तुटला होता, चेन नाही.”

“अगं, सांगतोय ना मी!”

“सांगा की. पण खरं सांगा.”

बाई ऐकता ऐकता हसून बेजार झाल्या आणि डबा घेऊन गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. मेण लावलेली चेन अलगद मिटावी, तसे झोपेतच.

घरात काकांचे फोटो होते, शर्ट होते, चष्मा होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. तो फक्त त्या डब्याबरोबर संग्रहालयात गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये होता. म्हणून प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा काकू सकाळपासूनच तयार होऊन बसल्या.

“आई, रुमाल घेतलात ना?” सुनेनं विचारलं.

“रडायला नाही चालले मी. भांडण ऐकायला चाललेय. वर्ष झालं, घरात कुणी धड उलट उत्तर देईना.”

काचेच्या कपाटात पांढऱ्या कापडावर डब्यातल्या वस्तू मांडल्या होत्या. बाजूला कानाला लावायचा हेडफोन होता. काकूंनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि तो कानाला लावला.

“ही शिट्टी मैदानावरच्या पंचांची,” काका म्हणाले.

काकूंच्या हातावर काटा आला. तोच तो नाकात बोलल्यासारखा, लाडात आलेला आवाज. आता पुढे आपण, म्हणून त्या थांबल्या. पुढे काहीच आलं नाही. मशीन नाही, कुणी नाही, नुसती शांतता. मग एकदम, “अगं, सांगतोय ना मी!” पुन्हा शांतता. पुन्हा, “बरं बाई, तुझंच खरं.”

रिकाम्या घरात एखादा माणूस एकटाच बडबडत असावा, तसं वाटत होतं ते. काकूंनी हेडफोन काढून सुनेच्या कानाला लावला. सुनेनं थोडं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आई, बाबा भिंतीशी बोलतायत असं वाटतंय.”

तेवढ्यात बाई लगबगीनं आल्या. “ऐकलंत काकू? किती स्वच्छ आलाय ना आवाज?”

“स्वच्छ तर आलाच आहे,” काकू हळूच म्हणाल्या. “मला धुऊन काढलंय त्यातून.”

बाईंना आधी कळेना. त्यांनी स्वतः हेडफोन लावला आणि त्यांचा हात गालावरच राहिला. त्यांनी आतल्या खोलीतून आवाजाचं काम बघणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. ते चष्मा पुसत आले.

“मागे खडखडाट फार होता हो. आणि दुसरा एक आवाज सारखा मध्ये मध्ये येत होता. दोन्ही काढून टाकले.”

“तो दुसरा आवाज मी,” काकू म्हणाल्या.

“मूळचं रेकॉर्डिंग असेल ना?” बाईंनी घाईनं विचारलं.

“नाही हो, पुसलं गेलं,” गृहस्थ म्हणाले. साफ केलेलं तेवढं ठेवायचं आणि रेकॉर्डर पुसून पुढच्या घरी न्यायचा, ही तिथली पद्धत. ती पद्धत बाईंनीच घालून दिली होती.

“मग माझा डबा मला परत द्या,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण सुनेनं त्यांचा हात धरला. “तुमचा राग नाही मला. पण हे एकट्याचं बोलणं नव्हतंच. आमचं माणूस जन्मात कधी एकटं बोललं नाही. मी बोलूच दिलं नाही कधी. हे असं खोटं इथे ठेवून जाऊ मी? लोक म्हणतील, बिचाऱ्याला ऐकून घ्यायलासुद्धा कुणी नव्हतं.”

बाईंनी मान हलवली. “तुमचाच आहे काकू,” असं म्हणून त्या कपाटाची किल्ली शोधू लागल्या.

निघायच्या आधी एकदा ऐकून घ्यावं, म्हणून काकूंनी हेडफोन परत लावला. काका शिट्टीचं बोलले. शांतता आली, आणि काकूंच्या नकळत त्यांचे ओठ हलले, “पंच कुठले? बसच्या कंडक्टरची. पंचांचा तर पट्टा तुटला होता, चेन नाही.”

“अगं, सांगतोय ना मी!” काका लगेच म्हणाले.

काकू दचकल्या. “सांगा की. पण खरं सांगा,” त्या पुटपुटल्या, आणि काका पुढे सांगू लागले. अगदी वेळेवर, जसे दुकानात सांगत तसे.

आवाजाचे गृहस्थ त्यांच्याकडे टक लावून बघत होते. “तुमचा आवाज दाबला मी,” ते सावकाश म्हणाले, “पण मधला वेळ नाही कापला. कापला असता तर काकांचं बोलणं तुटक झालं असतं.”

“म्हणजे माझी जागा आहे तिथे?”

“जशीच्या तशी.”

काकूंनी किल्ली लावणाऱ्या बाईंचा हात धरला. “थांबा जरा. मी काय काय बोलले होते ते सगळं येतं मला.”

“इतकं कसं आठवेल काकू?”

“आयुष्यभर तेच तर बोलत आले. आठवायला काय लागतं? फक्त मला मशीन पाहिजे. हातपाय रिकामे असले की तोंड चालत नाही माझं.”

गृहस्थांनी बाईंकडे बघितलं. “खडखडाट येईल हो.”

“येऊ द्या,” बाई म्हणाल्या. “यायलाच हवा.”

दुसऱ्या दिवशी सगळे दुकानात जमले. जमले म्हणजे काकू मशीनवर, काकांच्या जागी हातात पक्कड घेतलेली सून, आणि बाई नि ते गृहस्थ बाहेर उभे. सून रनर बसवायला शिकली होती. अजून वाकडे बसायचे, पण बसायचे. काकूंचा आवाज टिपायला रेकॉर्डर पुन्हा फळीवर ठेवला गेला. काकूंनी एक हेडफोन कानाला लावला, कुणाचं तरी फाटकं दप्तर सुईखाली घेतलं आणि पाय चालवला.

काका बोलत गेले, काकू टाके घालत गेल्या. शिट्टी कंडक्टरकडे गेली. किल्ली सायकलवाल्याची ठरली. दुधाचा दात कुणाचा, यावर पूर्वीसारखंच एकमत झालं नाही. बाहेर बाईंनी पदर तोंडावर धरला होता. हसू दाबायला की आणखी कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी त्या हिरव्या बटणाची पाळी आली.

“आणि हे बटण हिचं,” काका म्हणाले. “ही पहिल्यांदा दुकानात आली ना, तेव्हा हिच्या पिशवीच्या अस्तरात सापडलं. परत द्यायचं म्हणून ठेवलं, म्हटलं बटणाच्या निमित्तानं पुन्हा येईल. निळी होती ना गं पिशवी?”

काकूंचा पाय थांबला. त्या दिवशी नेमका दातात दोरा होता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली होती. ही एकच जागा खरोखरची रिकामी होती. इथे त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

“तपकिरी होती हो,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, “पण तुम्हाला निळी दिसली असेल, तर निळीसुद्धा असू दे.”

“बघा,” काका कानात म्हणाले, “गप्प बसली की नाही? म्हणजे निळीच!”

काकूंना एवढं हसू लोटलं की हेडफोन कानावरून घसरून मांडीवर पडला. सूनही हसायला लागली. तिने ऐकलं काहीच नव्हतं, पण सासूला असं हसताना वर्षभरात बघितलं नव्हतं.

“हसणं काढू का काकू शेवटचं?” बाहेरून गृहस्थांनी चाचरत विचारलं.

“हात तर लावून बघा,” काकू म्हणाल्या. “कात्री माझ्यापाशी आहे.”

हेडफोन परत करून त्यांनी दप्तर पुन्हा ओढलं. अस्तराची शिवण उसवता उसवता बोटाला काहीतरी गोल लागलं. एक काचेची गोटी होती, आत पिवळी रेघ असलेली. काकूंनी ती उजेडात धरून पाहिली. मग वर फळीकडे बघितलं, जिथे डब्याच्या जागी धुळीत नुसता चौकोन उरला होता.

“अगं,” त्या सुनेला म्हणाल्या, “घरात एखादा रिकामा डबा आहे का बघ. घट्ट झाकणाचा.”